मागाचा उजवा खांब

आमचा कुत्रा वीस दिवसांत घाण बाहेर करायला शिकला होता. ही गोष्ट मी शाळेत, एसटीत, भाजीवाल्या बाईला, ज्याला त्याला सांगून बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तेव्हा शहापूरच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. जिल्ह्याची वाटणी होऊन काही वर्षं झाली होती, पण वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात गोंदिया अजून आमच्यातच होतं आणि मी दरवर्षी खडूने रेघ ओढून ते मुलांना वेगळं करून दाखवत असे. शाळेत खिचडी शिजवायच्या खोलीमागे एका कुत्रीला पाच पिल्लं झाली. चार कोणी कोणी नेली. पाचवं मी शालीत गुंडाळून भंडाऱ्याला घरी आणलं. नावावरून घरात एकमत होईना. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी "काय रे पोट्ट्या" अशी हाक मारली होती, तसं तर ते गल्लीतल्या प्रत्येक पोराला म्हणत, पण कुत्र्याला तेच नाव चिकटलं.

घरात आम्ही चौघं. नवऱ्याची कारखान्यात पाळीची नोकरी, त्यामुळे तो घरी असला तरी झोपलेलाच असे. या हकिगतीत त्याचं काम फारसं नाही. सासरे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणत. पुढच्या खोलीत त्यांचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी पट्ट्या दाबायच्या आणि हातांनी धोटा इकडून तिकडे पाठवायचा. सासूबाई शेजारी चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत बसत. ती खोली म्हणजे आमच्याकडचं दुसरं देवघर. चपला घालून तिथे कोणी जात नसे. रोज सकाळी सासूबाई मागाच्या उजव्या खांबाला हळद-कुंकू लावत, मगच सासरे खड्ड्यात उतरत.

पोट्ट्याला त्या खोलीत मज्जाव होता. तो सासऱ्यांनीच मोडला. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, भाताची खळ लावून झाली की वाटीच्या तळाशी थोडी उरे. ती वाटी ते हळूच खाली धरत आणि पोट्टा चाटूनपुसून लख्ख करी. सासूबाईंनी दोन दिवस तोंड वाजवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच एक जुनी वाटी त्याच्यासाठी वेगळी काढली. मग तो खड्ड्याच्या काठावर हनुवटी टेकून पडू लागला आणि मागाच्या खटखटीत गाढ झोपू लागला.

शिकवणं मात्र माझं. खाल्लं की वाडीत, उठला की वाडीत, खेळून झालं की वाडीत. वाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथे एक कडुनिंब, दोन वाफे भाजीचे आणि कपडे धुवायचा दगड. कडुनिंबाखाली त्याने काम केलं की मी शाबासकी द्यायची आणि भाकरीचा तुकडा पुढे करायची. विसाव्या दिवशी तो आपणहून मागच्या दारापाशी जाऊन कुईकुई करायला लागला. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. पाढे न येणाऱ्या पोरांपेक्षा हा बरा, असं मी वर्गात बोलूनही दाखवलं.

सहा महिने चांगले गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले, चप्पल काढली आणि पाहते तर पोट्टा मागाच्या उजव्या खांबापाशी उभा. आता तो उंच झाला होता, कान उभे राहिले होते, छाती भरली होती. माझ्याकडे पाहत त्याने आयुष्यात पहिल्यांदा मागचा पाय वर केला. खालचं कुंकू ओघळून जमिनीवर आलं.

सासरे खड्ड्यातच होते. ते हसायला लागले. "वयात आलं पोट्टं," म्हणाले. "आपलाबी दहावीत असाच वाकडा चालत होता. आठवते?" हे त्यांनी माझ्या झोपलेल्या नवऱ्याबद्दल म्हटलं.

सासूबाईंना हसू आलं नाही. त्यांनी बादली आणली, फडकं मारलं, पुन्हा आंघोळ केली आणि देवघरातली गोमूत्राची बाटली आणून खांबाभोवती शिंपडलं. गल्लीच्या टोकाला एकांकडे गाय होती, तिथून ही बाटली दर आठवड्याला भरून येई. आमच्याकडे कोणताही विटाळ त्या बाटलीवरच मिटत असे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या माहेरीही असंच.

एकदा झालं ते झालं, असं वाटलं होतं. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच खांबापाशी. मग एक दिवस आड. मग रोज. वाडीत नेलं की हा कडुनिंबाखाली नुसता हुंगत फिरायचा, फुलपाखरामागे धावायचा, आणि घरात आला की सरळ मागाच्या खोलीत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण हा घडा तर सहा महिने चांगला भरलेला होता, तो पालथा झाला कसा हेच मला कळेना. सासूबाई आता रोज सकाळी हळद-कुंकवाबरोबर गोमूत्रही शिंपडू लागल्या, झालं असो की नसो.

माझा स्वभाव तापट. शाळेत मुलं मला घाबरत आणि त्याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती. एका दुपारी, अर्ध्या दिवसाची शाळा करून उन्हातून आलेली, बसमध्ये उभी राहून पाय भरून आलेले, आणि दारातच तो वास. मी पोट्ट्याची मान धरली, नाक जमिनीला लावलं आणि पिशवीतली लाकडी फूटपट्टी काढून त्याला तीनदा मारलं. तो ओरडला नाही. डोळे मिटून चपटा झाला, जमिनीत शिरतो की काय असा. सासरे खड्ड्यातून म्हणाले, "बस न व आता. मुका जीव हाय थो." मी पट्टी पिशवीत घातली. त्यानंतर मी नुसता केस सारखे करायला हात वर केला तरी तो मान खाली घालून मागे सरायचा. घाण करणं काही थांबलं नाही. फक्त मी घरात नसताना व्हायला लागलं.

मग ताण्यावर उडालं. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तावर आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. तिच्यासाठी सासरे साडी विणत होते. आपल्या हाताखाली वाढलेली पोर म्हणून त्यांनी किनारीला तीन रंग घेतले होते, डोळ्यांना आता झेपत नसतानाही. खांबाला लागून ताणलेल्या धाग्यांवर पिवळे डाग पडले. सासऱ्यांनी बोटाने ते धागे चाचपले, एकेक करून मोजल्यासारखे, आणि काही बोलले नाहीत. न बोलणं हे त्यांच्याकडून आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. सासूबाईंनी त्याच दिवशी एकोडीला भावाला निरोप पाठवला.

एकोडीचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, रविवारी आले. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, जंगलाला लागून. चहा पीत पोट्ट्याकडे पाहून म्हणाले, "कुत्रं तं झक्कास हाय. धान निसवू दे बाई, मंग नेतो. लोंबी धरली का डुकरं येतेत. बांधीवर बांधून ठेवीन."

"अन् पयलेचे कुत्रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"एक मागच्या साली बिबट्यानं नेलं. एक त्याच्या मागच्या साली." मामांनी बशी खाली ठेवली. "बांधलेलं कुत्रं पळनार कुठं?"

त्यांनी हे दुष्टपणे म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे तसंच चालतं, पीक वाचलं पाहिजे. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, महिनाभर उरला होता. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी शिकवतो त्याले. पुन्हा शिकवतो." आमच्याकडे रागात आणि लाडात बायकाही कधी असं बोलतात. त्या म्हणाल्या, "शिकव. मी कुठं नाही म्हनून राहिली? पन मागावर पुन्हा झालं तं मी आयकनार नाही."

त्या आठवड्यात मी पोट्ट्याला सायकलच्या कॅरियरला दोरी बांधून चालवत जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एक वयस्क कंपाउंडर होते, मांजरापासून म्हशीपर्यंत सगळ्यांशी एकाच आवाजात बोलणारे. त्यांनी आधी पोट दाबून पाहिलं, लघवीचा त्रास दिसत नाही म्हणाले. कुत्री आठ-नऊ महिन्यांची झाली की जागोजागी खूण करून ठेवतात, शिकलेलंही विसरतात. पुन्हा पिल्लू समजून पहिल्यापासून सुरू करायचं, मारायचं नाही. मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "पुसता कायनं?"

"पाण्यानं," मी म्हटलं, आणि थोड्या ऐटीतच पुढे जोडलं, "अन् वरून गोमूत्र शिंपडतो. रोज."

कंपाउंडर सिरिंज हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिले. "रोज?"

"रोज सकाळी."

"मॅडम, तुमचं घर शुद्ध होते, ते बरोबर हाय," ते म्हणाले. "पन याच्या नाकाले काय समजते? रोज सकाळी कोनीतरी येऊन इथं मुतून जाते. याचं घर, याचा माग, अन् दुसराच कोनी निशानी ठेवून जाऊन राहिला. मंग हा गप बसंन का? तुमीच त्याले रोज जागा दाखवून राहिल्या."

मी घरी येईपर्यंत दोरी धरून चालतच आले. सायकलवर बसावंसंच वाटेना. रोज सकाळी आम्ही त्याला जागा दाखवत होतो, आणि तो तिथे गेला की मी त्याला मारत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. पोट्टा मात्र बाजूने मजेत चालत होता, दर विजेच्या खांबाशी थांबत.

आता हे सासूबाईंना कसं सांगायचं? कुत्र्याला शिकवणं सोपं होतं. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत सासूबाईंची चूक झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आणि ही तर मिठाची, तिखटाची चूक नव्हती, देवाधर्माची होती. चार दिवस मी तोंडाशी आलेलं गिळलं. पाचव्या दिवशी मी अतिशहाणपणा केला. बाटलीतलं गोमूत्र वाडीतल्या नालीत ओतलं आणि तिच्यात फिकट चहाचं पाणी भरून ठेवलं.

सकाळी सासूबाईंनी बूच काढलं. तळहातावर थोडं घेतलं. नाकाशी नेलं. मग बाटली खाली ठेवून त्यांनी मला हाक मारली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"हे काय व?"

मी बूच उचलून बाटलीला लावायला गेले.

"नऊ वर्सं झाले तुले ह्या घरात. मले कधी खोटी वाटली नाही तू. आज देवाच्या बाटलीत चाय भरली? कायले? मी येडी हाव का?"

मला रडू कोसळलं. रडतरडतच मी सगळं सांगितलं. कंपाउंडरचं बोलणं, खांब, नाक, बिबट्या, फूटपट्टी, सगळं एकात एक. मधेच मागाची खटखट थांबली. सासरे खड्ड्यात बसून आम्हा दोघींकडे पाहत होते. पोट्टा त्यांच्या गुडघ्याशी लपला होता, कारण डोळे पुसायला मी हात वर केला होता.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "त्या दवाखान्यातल्या मानसाचं नाक कुत्र्याचं हाय का?" एवढंच म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या. पण त्या सकाळी खांबावर फक्त आधी लावलेलं हळद-कुंकूच राहिलं, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गायवाल्यांकडून ताजी बाटली आणवली. मला वाटलं, संपलं. त्या बाटली घेऊन मागाच्या खोलीत आल्या, खांबापाशी क्षणभर थांबल्या आणि तशाच पुढे चालत मागच्या दाराने वाडीत गेल्या. कडुनिंबाच्या बुंध्याशी त्यांनी अर्धी बाटली ओतली. मग दाराआड उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सोड त्याले."

मी पोट्ट्याला सोडलं. तो भाजीच्या वाफ्यापाशी गेला, धुण्याच्या दगडाशी गेला. मग एकदम थबकला. नाक जमिनीला लावून सरळ कडुनिंबापाशी आला, बुंध्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि पाय वर केला. काम उरकल्यावर मागच्या पायांनी माती उडवली, मोठा पराक्रम केल्यासारखी.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसल्या. पण त्या म्हणाल्या, "बिचाऱ्याले बाप्पा. मी रोज हाताले धरून नेत होती."

त्यानंतर सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. गरम पाणी आणि साबणाने आम्ही दोघींनी मिळून खांब आणि जमीन घासली, वरून व्हिनेगर घातलेलं पाणी फिरवलं; सासऱ्यांनी लोणच्याचा वास येतो म्हणून तक्रार केली. मी सकाळी, शाळेला जाण्याआधी, आल्यावर, जेवणानंतर पोट्ट्याला पुन्हा पिल्लासारखं वाडीत नेऊ लागले. दुपारचं सासूबाईंनी आपणहून घेतलं. चार दिवस कोरडे गेले आणि पाचव्या दिवशी हा दाराच्या उंबऱ्यावर करून मोकळा झाला. सासूबाई नुसत्या "हूं" म्हणाल्या आणि गरम पाणी आणायला गेल्या. पुढे आठ दिवस काही नाही. मग एकदा पाऊस जोराचा होता, साहेबांना भिजायचं नव्हतं, तेव्हा पुन्हा. पण मागावर नाही. ताण्याचे डागाळलेले धागे सासऱ्यांनी कापून काढले, नवे जोडले, आणि पुन्हा पोट्ट्याकडे बघून हसायला लागले.

धान निसवलं तसे मामा आले. खांद्यावर नवी दोरी. आमच्याकडून त्यांना निरोप पाठवायचं राहून गेलं होतं, किंवा खरं सांगायचं तर सासूबाईंनी पाठवला नव्हता आणि मला विचारायचं धाडस झालं नव्हतं. दुपारची वेळ. पोट्टा खड्ड्याच्या काठावर झोपला होता. मामांनी चहा घेतला, एकोडीकडच्या पिकाचं सांगितलं, दोन रात्रीत डुकरांनी एक बांधी कशी लोळवली ते सांगितलं. मग उठले.

"चाल बाई, कुत्रं दे. जीप थांबून हाय."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कांडी भरत होत्या. चरखा थांबवला नाही.

"नाही जात थो," त्या म्हणाल्या.

"काहून? तूच तं निरोप धाडला. लय खराबी करते म्हने."

"त्याची चूक नव्हती." चरखा थांबला. "माही होती."

मामा दोरी हातात घेऊन उभेच राहिले. सख्खे भाऊ होते ते, साठ वर्षांची ओळख, पण बहिणीच्या तोंडून त्यांनीही हे प्रथमच ऐकलं असावं. काय चूक हे त्यांनी विचारलं नाही. सासऱ्यांनी धोटा फेकला आणि खटखट पुन्हा सुरू झाली. मामांना पायलीभर पोहे बांधून दिले आणि ते गेले.

मला त्या वेळी जे वाटलं ते इथे सांगितलंच पाहिजे. आनंद झालाच. पण त्याहून जास्त ओशाळं वाटलं. सासूबाईंनी तर कधी त्याला चापटही मारली नव्हती. पाणी आणलं, पुसलं, आंघोळ केली, शिंपडलं, आणि सगळी चूक आपल्या एकटीच्या पदरात घेऊन मोकळ्या झाल्या. पट्टी माझी होती. मामा दारात होते तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं.

मी जमिनीवर बसले आणि पोट्ट्याला कुरवाळायला हात पुढे केला. त्याने डोळे मिटले आणि मान खाली घातली. सगळे मिळून तीन महिने मी त्याला रोज दिवसातून पाच वेळा वाडीत नेलं, भाकरी दिली, लाडाने बोलले, आणि तीन महिने माझा हात वर झाला की तो मान खाली घालत राहिला. घरात कुठे करायचं नाही हे तो महिन्याभरात पुन्हा शिकला. माझा हात मारणार नाही हे शिकायला त्याला तीन महिने लागले.

फूटपट्टी मी वर्गात नेऊन ठेवली. नकाशावर रेघ ओढायला ती अजून लागायची. पोरं पहिल्या दिवशी ती दिसताच गप्प झाली, आणि त्यांच्या माना खाली गेलेल्या मला त्या वर्षी पहिल्यांदा दिसल्या.